राहुटीपुरती जागा

आई गेल्यावर बाबांनी घरात झोपणं सोडलं.

आमचं घर अकोल्याला, एका जुन्या कॉलनीत. खाली दोन खोल्या, वर गच्ची. शेवटचे काही महिने आईला श्वास पुरत नव्हता, आणि ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर घरात सतत चालू असायची. पावसाळा सरता सरता ती गेली आणि यंत्र भाड्यानं देणारा माणूस येऊन ते घेऊन गेला. त्या रात्रीपासून बाबा अंथरूण घेऊन अंगणात झोपू लागले. अंगणात कुत्री येतात म्हणून मग गच्चीवर. थंडी पडली तरी खाली येईनात. मी सरकारी दवाखान्यात औषधं देण्याचं काम करते. सकाळी लवकर निघावं लागतं. त्यांना चहा द्यायला वर जायची, तर ते कठड्याशी बसलेले असायचे, डोळे लाल. झोपले का हे विचारायची गरज नसायची.

एकदा मी म्हटलं, "बाबा, गच्चीवरबी झोप येऊन नाही राहिली, तर मंग खालीच या ना."

ते म्हणाले, "गच्चीच्या खाली घर हायच ना, बाई. ते समजते मले."

थोड्या वेळानं त्यांनीच विषय काढला. "मले जमिनीवर झोपाचं हाय. तंबूत. दोन-चार दिवस कोठंतरी नेशील का?"

बाबा पाटबंधारे खात्यात होते. तरुणपणी सर्वेक्षणाच्या तुकडीत असताना ते बरीच वर्षं राहुटीत राहिले. आमच्या घरात 'कॅम्प' हा शब्द लहानपणापासून ऐकू यायचा. लग्न झाल्यावर आईही तिथंच राहायला गेली होती. मोर्शीकडे वर्धा नदीवर धरण व्हायचं होतं, त्याची मोजणी चालली होती तेव्हाची गोष्ट. आई त्या दिवसांबद्दल हसून बोलायची. राहुटीच्या दोरीवर तिची लुगडी वाळत घातलेली असायची, रात्री कंदिलावर पाखरं यायची, एकदा वादळात राहुटी उडाली तर ती भांडी धरून बसली होती. बाबा या गप्पांत भाग घ्यायचे नाहीत. ऐकायचे आणि उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, लाजतात.

पुण्याला असलेल्या भावाला मी फोनवर सांगितलं, तर तो चिडला. "तू शहाणी आहेस ना? त्यांचं वय बघ. थंडी आहे, साप-विंचू आहेत. त्यांना डॉक्टरकडे ने, झोपेची गोळी दे."

गोळ्यांचं मला त्याच्यापेक्षा जास्त कळतं. मी त्या आधीच देऊन पाहिल्या होत्या. गोळी घेतली की बाबा सकाळी भिंतीला धरून चालायचे आणि मला आईच्या नावानं हाक मारायचे.

अमरावतीच्या एका दुकानातून दोघांपुरता तंबू आणला. निळा, हलका, पिशवीत मावणारा. बाबांनी कापड बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाले, "हा त रुमाल हाय." पण त्या संध्याकाळी त्यांनी तो गच्चीवर तीनदा उभा केला आणि तीनदा उतरवला. आई गेल्यापासून त्यांनी मन लावून केलेलं हे पहिलंच काम होतं.

मग प्रश्न आला जागेचा. वऱ्हाडात जमीन भरपूर दिसते. गाडीतून जाताना क्षितिजापर्यंत नुसती जमीनच असते. पण त्यातली राहुटीपुरती जागा शोधायला निघालं की कळतं, प्रत्येक तुकडा कुणाचा तरी आहे, आणि जो कुणाचाच नाही तिथं पाणी नाही. बाबांचे नियम होते. नाल्याच्या पात्रात नाही. जुन्या झाडाखाली नाही, वाळलेली फांदी पडते. गुरांच्या वाटेवर नाही. पाणी हाकेच्या अंतरावर पाहिजे, पण उशाशी नको. गाडीत बसल्यावर ते हे सगळं सांगत राहायचे. घरी दिवसभर एक शब्द न बोलणारा माणूस खिडकीतून बाहेर बोट दाखवून बोलायचा, आणि मी मुद्दाम गाडी हळू चालवायची.

पहिल्यांदा आम्ही पूर्णेच्या काठाला गेलो. आमच्याकडे त्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. जमीन काळीभोर, पीक जोमदार, पण विहिरीचं पाणी खारट. पिण्याचं पाणी आम्ही कॅनमध्ये भरून नेलं होतं. एका शेतकऱ्याच्या परवानगीनं हरभऱ्याच्या शेताच्या बांधावर तंबू लावला. थंडीचे दिवस होते, जमिनीत ओल होती, खुंट्या हातानंच आत गेल्या. अंधार पडायच्या आत आम्ही भाकरी खाल्ली. बाबा आत जाऊन आडवे झाले, आणि थोड्याच वेळात मला त्यांचं घोरणं ऐकू आलं. मी बाहेर बसले होते. तो आवाज मी किती महिन्यांनी ऐकला, ते मला त्या क्षणी आठवेना. मी तिथंच गुडघ्यात डोकं घालून रडले. आई गेल्यावरही मी अशी रडले नव्हते.

सकाळी उठून पाहते तर कॅन कलंडलेला. बूच नीट लागलं नव्हतं. जवळच्या हातपंपाचं पाणी आणून चहा ठेवला, तर दूध फाटलं. बाबांनी तो फाटलेला चहा गाळून प्यायला. म्हणाले, "झोप लागली."

एवढ्यावर मी ठरवलं की जमेल तेव्हा जायचं.

दुसरी जागा त्यांनी निवडली. बार्शीटाकळीच्या पुढं एक पाझर तलाव होता, आटत चाललेला. त्याच्या बांधालगत तंबू लावायचा असा त्यांचा हट्ट. मी म्हटलं, इथं आडोसा नाही. ते म्हणाले, "वारा पश्चिमेचा राहते, बांध आडवा हाय. मले शिकवू नको." संध्याकाळी वारा उत्तरेकडून आला आणि तंबू एका बाजूनं फाटका पतंग झाल्यासारखा उचलला गेला. मी एक टोक धरलं, बाबांनी दुसरं, आणि त्या ओढाताणीत ते गुडघ्यावर पडले. लागलं फार नाही. पण ते बराच वेळ दगडावर बसून राहिले. बांधाकडे, आकाशाकडे, पुन्हा बांधाकडे बघत होते. "पह्यले मले समजत होतं," ते म्हणाले. आम्ही सामान गाडीत टाकून अंधार पडता पडता घरी आलो. ते सरळ गच्चीवर गेले. जेवले नाहीत.

यानंतर मीच म्हटलं, तयार सोय असलेल्या ठिकाणी जाऊ. वरूडकडे संत्र्याच्या बागेत तंबूंची सोय केलेली एक जागा असल्याचं दवाखान्यातल्या कुणीतरी सांगितलं होतं. फोटो चांगले होते. पोचलो तर सिमेंटच्या ओट्यांवर मोठे पांढरे तंबू ओळीनं उभे. आत लोखंडी पलंग, गाद्या, कोपऱ्यात कूलर, मागे फरशीचं न्हाणीघर. झाडांना दिव्यांच्या माळा. कुणाचा तरी वाढदिवस होता, मोठ्या स्पीकरवर गाणी चालली होती. बाबांनी तंबूत शिरून पलंगाला हात लावला आणि मला विचारलं, "पलंगावरच झोपाचं त मंग तंबू कायले?"

ते रात्रभर पलंगाच्या कडेवर बसून होते. मधेच मी जागी झाले तेव्हा त्यांनी पाय खाली सोडून तळवे फरशीला लावलेले दिसले, जमीन लागते का बघितल्यासारखे.

ती जागा चालवणारी बाई माझ्याच वयाची होती. सकाळी ती आम्हाला चहा घेऊन आली. बाबा बागेत फिरायला गेले होते, तिकडे बघत म्हणाली, "काकांले झोप नाई लागली ना? गाण्याबद्दल मी सांगतलं होतं त्यायले, पण ऐकत नाईत लोक."

मी म्हटलं, बाग छान आहे.

"समोरचीच तेवढी हाय," ती म्हणाली. "मागं चाला, दाखवते."

तंबूंच्या मागे गेलो तर नुसती खोडं. वाळून काळी पडलेली, काही जमिनीलगत कापलेली, काहींच्या फांद्यांवर अजून वाळकी पानं. ओळी मात्र तशाच सरळ, तिच्या सासऱ्यांनी लावल्या तशा. बोअर खोल खोल नेली, तरी पाणी मिळेना, असं तिनं सांगितलं. झाडं एकदम मरत नाहीत. एका बाजूनं पिवळी पडतात, मग माणूस दोन-तीन वर्षं त्यांच्यामागं पाण्याचे टँकर घेऊन धावतो. "शेवटी आमच्या यायनं म्हटलं, तंबूले पानी कमी लागते." ती हे हसून म्हणाली, पण मला हसू आलं नाही. निघताना तिनं बाबांच्या हातात संत्र्यांची पिशवी दिली. ती संत्री बाजारातून आणलेली होती, हेही तिनंच सांगितलं. लपवून ठेवण्यासारखं तिला त्यात काही वाटलं नसावं.

गाडीत बाबा म्हणाले, "चांगली बाई हाय. पन पुन्हा नको आनू इथं."

उन्हाळा लागायच्या जरा आधी आम्ही वर्धेच्या काठाला गेलो. कौंडण्यपूर मागे टाकून नदीच्या कडेनं बरंच खाली. नदीत धार बारीक झाली होती, पण डोहात पाणी होतं. काठावर एका शेतात कडुलिंबाची झाडं, सपाट मोकळी जागा, जवळ विहीर. बाबांनी गाडी थांबवायला सांगितली आणि उतरून चहूबाजूला पाहिलं. "हे बरोबर हाय," ते म्हणाले. मलाही ती जागा पाहताक्षणी आवडली.

शेतात एक म्हातारं जोडपं होतं. आम्ही काय करतो आहोत हे त्यांना समजायला वेळ लागला, पण समजल्यावर आजोबांना गंमत वाटली. "राहा ना, कोन नाई म्हनते? अशी हौस आमाले नाई सुचली कधी." आजींनी पितळी तांब्यात विहिरीचं पाणी आणून दिलं. गोड होतं. बाबांनी वर धरून प्यायलं, मग मी. आजी म्हणाल्या, रात्रीला पिठलं-भाकर आमच्याकडंच खा. आम्ही तंबू उभारायला घेतला. आजोबा बाबांना खुंट्या काढून देऊ लागले. दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. नोकरी कोणती, निवृत्त कधी झाले, मूळ गाव कोणतं.

मग त्यांनी आडनाव विचारलं.

बाबांनी सांगितलं. आवाज न बदलता, हातातली दोरी न सोडता.

आजोबा "बरं बरं" म्हणाले. हातातली खुंटी त्यांनी खाली ठेवली. बैल सोडायचे आहेत असं म्हणून गेले. तंबूचं एक टोक राहिलं होतं, ते मी बांधलं. ऊन उतरत होतं, नदीवर बगळे होते. मला वाटलं, संपलं असेल. आता असं कुठं राहिलंय.

काही वेळानं आजी आल्या. त्यांचा चेहरा पडलेला होता, हे मला अजून आठवतं. त्या माझ्याशीच बोलल्या, बाबांकडे न बघता. "पोरी, इथं रानडुकरं येतात व. नदीचाबी भरोसा नाई. त्या तिकडं, गावाच्या त्या अंगाले बुद्धविहार हाय. तुमचेच लोक हायेत तिथी. तुमची चांगली सोय होईन."

मी म्हटलं, "मघाशी तुमीच राहा म्हटलं ना, आजी?"

"म्हटलं होतं बापा," त्या म्हणाल्या. "मी काय करू?"

मी पुढं बोलणार तेवढ्यात बाबांनी हात वर केला. नोकरीत असताना लांबच्या माणसाला खूण करायला करत असतील तसा, उंच आणि स्थिर. त्यांनी खुंट्या एकेक करून काढल्या, माती झटकली, तंबूची घडी नेहमीसारखीच केली. घाई केली नाही. तांब्या कडुलिंबाच्या बुंध्याशी ठेवलेला होता. आजी त्याच्या बाजूनं गेल्या, पण त्यांनी तो उचलला नाही. आम्ही गाडी वळवली तेव्हाही तो तिथंच होता.

बुद्धविहारात आम्ही गेलो नाही. तिथं खरंच चांगली सोय झाली असती. पण बाबा म्हणाले, "झोपाले आलो होतो, सोय पाहाले नाई."

मोझरीच्या पुढं आम्ही हमरस्त्याला लागलो. मी म्हटलं, "बोलू काहून नाही दिलं मले?"

"बोलून ते काय म्हनले असते? डुकरं येतात, हेच म्हनले असते." मग म्हणाले, "मी राहुटीत काहून राहो, ठाव हाय तुले?"

"कॅम्प होता म्हणून."

"कॅम्प सामानाचा होता. दुर्बीन, साखळ्या, खांब, नकाशे. बाकी सारे गावात खोल्या करून राहत. मीबी फिरलो गावात खोलीसाठी. एकानं म्हन्लं देतो, सामान घेऊन ये. घेऊन गेलो त दाराले कुलूप." ते समोर रस्त्याकडे बघत बोलत होते. "साहेब चांगला मानूस होता. त्यानं विचारलं, तुले खोली नाई पाह्यजे का? मी म्हन्लो, मले हवा लागते, साहेब. बंद घरात झोप नाई येत. तवापासून सारे तसंच समजत. राहुटीतला मानूस म्हनत मले."

"आणि आई?"

"तिले सांगतलं, खात्याचा नियम हाय. सामानाजवळ मानूस राहा लागते. नव्या नवरीले काय सांगावं? म्हनलो, थोडे दिवस. ते थोडे दिवस लय झाले." एक ट्रक समोरून गेला. "ती गावात पान्याले जाये. बायांत बसे. मी कधी इचारलं नाई, बाया काय बोलतात. तिनंबी कधी काई म्हन्लं नाई. पुढं सारी जिंदगी ती त्या कॅम्पची गोष्ट हसून सांगे. तुले काय वाटते, बाई, तिले ठाव असन का?"

मी आईच्या सगळ्या गोष्टी आठवून पाहिल्या. पाखरं, लुगडी, वादळ. त्या गोष्टींत गावातली एकही बाई नव्हती, कुणाचं घर नव्हतं, कुणी बोलावलं, कुणाकडे जेवायला गेलो असं काही नव्हतं. ते मला गाडी चालवताना पहिल्यांदाच लक्षात आलं. बाबांना मी ते सांगितलं नाही. म्हटलं, "मले नाही माहीत, बाबा."

"मलेबी नाई," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांना एकाच जागेचा ध्यास लागला. जिथं ती राहुटी होती ती जागा. ते गाव आणि तो सगळा भाग धरणाच्या पाण्याखाली गेला होता. पण उन्हाळ्यात पाणी मागं हटतं आणि काठाकाठानं जुनी जमीन उघडी पडते, हे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, मे महिन्यात मी तुम्हाला उघड्यावर नेणार नाही. ते वाद घालत नव्हते. रोज सकाळी फक्त विचारायचे, पाणी किती उतरलं असेल. शेवटी मी सुट्टी टाकली. भावाला सांगितलं नाही.

धरणाच्या मागच्या अंगाला आम्ही ऊन कलल्यावर पोचलो. पाणी लांब, एका चकचकीत पट्टीसारखं दिसत होतं. अलीकडे मैलभर वाळलेला गाळ, तडे गेलेला, त्यात मधे मधे लोकांनी टरबुजाचे वेल लावलेले. वेलांची राखण करणाऱ्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, कुठंही लावा, ही जमीन पाण्याची आहे. एका बाजूला जुन्या गावाचे दगड दिसत होते. एक अर्धा ढासळलेला पार, विहिरीचं कडं, आणि शिंपल्यांनी भरलेली एखादी भिंत.

बाबा काठी टेकत चालायला लागले. पारापासून उगवतीकडे एक टेकाड होतं, टेकाडावर दोन पळस होते, त्यांच्यामध्ये राहुटी होती, असं ते सांगत होते. पळस असणं शक्यच नव्हतं. टेकाडही दिसेना. ते एका उंचवट्यावर चढले, पायानं गाळ उकरून पाहिला, म्हणाले इथं नाही. दुसऱ्या ठिकाणी गेले. तिथं बराच वेळ उभे राहिले. पाराकडे हात करून काहीतरी जुळवत होते. मग तिसरीकडे. मी पाण्याची बाटली घेऊन मागं मागं जात होते. गाळ सगळीकडे सारखाच होता, करडा, सपाट. इतक्या वर्षांच्या पाण्यानं खड्डे भरून काढले होते आणि उंचवटे झिजवले होते.

दिवस बुडायला आल्यावर ते एका जागी बसले. "इथंच समजू," म्हणाले.

खुंट्या राहीनात. तड्यांत घातल्या की मातीचं ढेकूळच वर यायचं. शेवटी पाराचे दगड आणून दोऱ्या त्यांना बांधल्या. जमीन तव्यासारखी तापलेली होती. आम्ही बाहेरच बसून दशम्या खाल्ल्या. बाबांनी दोन घास खाल्ले. मग आत गेले. मी शेजारी कान देऊन पडले होते, पण घोरणं ऐकू आलं नाही. ते कूस बदलत होते, एवढंच कळत होतं.

पहाटे उठले तर ते बाहेर होते. फटफटलं होतं. पाणी शांत, त्यावर धुकं नव्हतं की पाखरू नव्हतं. मी जवळ जाऊन बसले.

"हे ते नाई," ते म्हणाले.

"दुसरीकडे पाहू का? ऊन व्हायच्या आत?"

"नाई. कोठंच काई नाई राह्यलं, बाई. मले वाटलं होतं, उभं राह्यलं की समजन." त्यांनी काठी गाळात टोचली आणि काढली. "चाल. घरी चाल."

परतीच्या वाटेवर त्यांना उलट्या झाल्या. अमरावतीपर्यंत येता येता ते भ्रमात गेले. ऊन लागलं होतं. आदल्या दिवशी ते पाणी पीत होते असं मला वाटत होतं, पण बाटली जवळजवळ भरलेली होती. तिथंच दवाखान्यात भरती केलं. मूत्रपिंडाला मार बसला आहे असं डॉक्टर म्हणाले. मला तपासणीच्या कागदावरचे आकडे वाचता येत होते, त्यामुळे मला कुणी खोटा धीर देऊ शकत नव्हतं. भाऊ रात्रीतून आला. बाबांच्या पायाशी उभा राहून त्यांचे तळपाय चोळत राहिला. त्यांना शुद्ध आली तेव्हा त्यांनी त्याला विचारलं, "तू कवा आला?" आणि उत्तराची वाट न बघता डोळे मिटले.

ते वाचले. पण पायातलं बळ गेलं ते परत आलं नाही. जिना चढणं बंद झालं, मग अंगणात जाणंही. माझी नोकरी दिवसभराची. भाऊ म्हणाला, मी नेतो, तिथं बाई ठेवू, दवाखाना जवळ आहे. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "जा लागते त जाईन."

जायच्या दिवशी त्यांना गाडीत बसवलं. भावानं सीट मागं करून दिली, पायाखाली उशी ठेवली. मी खिडकीशी उभी होते. मला वाटलं, ते काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "गॅस बंद करत जाजो."

पुण्याला ते आता सातव्या मजल्यावर असतात. रोज संध्याकाळी मी फोन करते. भाऊ सांगतो, गोळीनं झोपतात. मग तो फोन त्यांच्या कानाशी धरतो. मी सांगते, आज काय जेवले, दवाखान्यात किती गर्दी होती, इकडे ऊन किती आहे. ते "बरं" म्हणतात. कधी कधी तेही म्हणत नाहीत. त्यांचा श्वास ऐकू येतो, पंख्याचा आवाज येतो, आणि कुणीतरी फोन बंद करेपर्यंत मी कानाला लावून ठेवते.